अनुसयाबाईंनी पेढी सर केली, त्याची हकीकत

श्री. आरंभी कागदास वंदन, शाईस वंदन, आणि हरवलेले पान ज्या देवाच्या कृपेने कपाटामागे सापडते त्या देवास त्रिवार वंदन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आषाढापासून आश्विनापर्यंत चार मासांत जे वर्तमान घडले ते पाहिले तैसे आणि ऐकिले तैसे लिहिले असे. संवत्सराचे नाव क्रोधी असता त्यात खरे रागावले असे माणूस एकच, आणि तेही अखेरीस निवळले. ते कैसे, हे पुढे येईल. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, म्हणोन लिहीत नाही.

तर या राज्यात न्यायाचा कारभार थोर. राजधानीत न्यायमंदिर, आणि त्याच्या आसमंतात सॉलिसिटरांच्या पेढ्या. सॉलिसिटर म्हणोन जे मानकरी, ते स्वतः न्यायाधीशांपुढे फार बोलत नाहीत. बोलणे वकिलांकडे, परंतु वकिलांनी काय बोलावे आणि कोणत्या कागदाच्या आधारे बोलावे, ते सर्व हे सिद्ध करून देतात. त्या पदास पोहोचावयाचे तर आधी कायद्याची पदवी, मग जुन्या सॉलिसिटरापाशी तीन वर्षे उमेदवारी, मग कठीण परीक्षा, ऐसी वाट. परंतु उमेदवारीस पेढ्या ओळखीचे माणूस घेत, आणि ओळख व्हावी तर आधी पेढीत कागद लावणारा, पाने घालणारा म्हणजे पानांवर क्रमांक घालणारा, दाखल-खात्यात खेपा घालणारा मदतनीस म्हणोन राहावे, ज्यास टोपीकरांच्या भाषेत पॅरालीगल म्हणतात. ही जागा पेढीतील सर्वांत खालची, आणि खालची म्हणोन सोपी असेल ऐसे ज्यांस वाटे ते सर्व फसत. कारण पेढ्या पहिला प्रश्न करीत, "अनुभव किती?" आणि अनुभव मिळावयाचा तो पेढीतच. किल्ल्याची किल्ली किल्ल्याच्या आत खुंटीस टांगलेली, ऐसा प्रकार होता.

त्या समयी घाटावरील एका कसब्यात तारळेकरांचे घर होते. वडील कृषिशाळेत माती तपासीत, मातोश्री शाळेत शिकवीत, आणि कन्या अनुसयाबाई, वय पंचवीस, आधी वनस्पतिशास्त्र शिकल्या आणि मग कायदा. लोक पुसत, "पानं-फुलं सोडून कायदा कशाला?" त्यास कारण ऐसे होते. एका बांधाच्या तंट्यात वडिलांचा माती-तपासणीचा अहवाल पुराव्यास गेला, आणि कन्याही त्यांसोबत जिल्ह्याच्या न्यायालयात गेली. वादी हजर, प्रतिवादी हजर, दोहींकडचे वकील हजर, न्यायाधीश हजर, आणि अहवालाचे दुसरे पान तेवढे गैरहजर. शोध शोध शोधिले आणि न मिळाले, आणि मग पुढली तारीख एक वर्षाने पडली. सर्वजण चहास गेले, आणि बाई तेथेच उभ्या राहून विचार करू लागल्या की एवढी माणसे एका पानाने थांबतात, तर पाने जो राखतो तो केवढा. त्या दिवशी मनसुबा जाहला की सॉलिसिटर व्हावे.

मनसुब्यास मातोश्रींची संमती होती, परंतु मुदतीसह. बाईंचे मामा, आप्पामामा, साखर कारखान्यात काट्यावर मुख्य. ऊस भरलेल्या गाड्या तोलणे, ऐसे तेथील काम. त्यांनी भाचीसाठी काटाघरात जागा धरून ठेविली आणि सांगितले, "बयो, जा राजधानीत, हौस फेड. पण दसऱ्याला मी तुझी वाट बघणार. गाळप सुरू झालं की ऊस कुणासाठी थांबत नाही, आणि ही जागाही थांबायची नाही." आणि मातोश्री बोलल्या, "दसऱ्यापर्यंत काही झालं तर झालं. नाही झालं तर हट्ट धरायचा नाही." बाईंनी शब्द दिला. लोक दसऱ्यास सीमोल्लंघन करितात. यांस त्याच दिवशी सीमेच्या आत परत यावयाचे होते.

आषाढ शुद्ध द्वितीयेस बाई राजधानीत दाखल जाहल्या आणि नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात मुक्काम केला, आणि मग मोहिमेस आरंभ जाहला. प्रथम बायोडाटा नामक आपल्या गुणांची यादी सिद्ध केली, दोन पानांची. त्यात पदव्या लिहिल्या, पारितोषिके लिहिली, न्यायतत्त्वांवर लिहिलेला निबंध लिहिला, आणि ती यादी एक्केचाळीस पेढ्यांस ई-मेलीने रवाना केली. पैकी एकोणतीस पेढ्यांनी उत्तर दिले नाही. सात पेढ्यांनी यंत्राकरवी उत्तर दिले की आपला अर्ज पावला. एका पेढीने लिहिले, "प्रिय श्री. तारळेकर." राहिल्या चार, त्यांनी भेटीस बोलाविले. पहिल्या पेढीत एक तरुण सरदार होते, त्यांनी पुसिले, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" बाई सत्यवादी. बोलल्या, "तुमच्या खुर्चीत." सरदारांनी खुर्ची जरा मागे सारिली आणि कळवितो म्हणाले. मग बाईंनी धडा घेतला, आणि दुसऱ्या पेढीत तोच प्रश्न आला तेव्हां बोलल्या, "इथेच. मदतनीस म्हणूनच." तेथील सरदार खेदाने म्हणाले, "महत्त्वाकांक्षा दिसत नाही." तिसऱ्या पेढीत म्हणाले, "तुम्हाला सॉलिसिटर व्हायचंय, म्हणजे तुम्ही टिकणार नाही." चौथ्या पेढीत द्वारी बसणाऱ्या बाई अत्यंत सज्जन होत्या. त्यांनी पाणी दिले, पंखा लावून दिला, आणि मग हळूच सांगितले, "अगं, जागा भरली काल. पण तू एवढ्या लांबून आलीस, जरा वेळ बस." अनुसयाबाई बसल्या. उठताना त्या द्वारपालिकेने कानी सांगितले, "आणि ती निबंधाची ओळ काढ बरं त्या यादीतून. इथं मशीनमध्ये कागद अडकला की तो कोण काढणार, हे बघतात."

हे वाक्य बाईंनी वहीत लिहून ठेविले. वही बांधीव, निळ्या पुठ्ठ्याची, वनस्पती नोंदण्याच्या काळापासून सोबत होती.

श्रावण गेला, भाद्रपद लागला, गणपती आले आणि गेले, आणि मग पितृपक्ष बसला. या राज्यात पितृपक्षात कोणी घर घेत नाही, सोने घेत नाही, आणि माणूसही घेत नाही. जेथे फोन करावा तेथे एकच उत्तर, "पंधरवडा उलटू द्या." पंधरवडा उलटला की नवरात्र, आणि नवरात्र उलटले की दसरा. बाईंनी बोटे मोजली आणि मातोश्रींस फोन केला. मातोश्री पुसू लागल्या, "जेवतेस ना?" "जेवते." "मग आवाज असा का?" "आई, मला एक कळत नाही. सगळे म्हणतात अनुभव नाही. पण अनुभव म्हणजे नेमकं काय येत नाही मला, ते कुणी सांगतच नाही." त्यावर मातोश्री शिक्षिकेच्या स्वभावास अनुसरून बोलल्या, "कुणी सांगत नसेल तर जाऊन बघ. झाडाचं नाव कुणी सांगितलं नाही म्हणून तू कधी घरी बसली होतीस?"

मग बाईंनी मसलत केली ती ऐसी. सर्व पेढ्यांचे कागद अखेर एकाच ठिकाणी येतात, ते न्यायमंदिराचे दाखल-खाते. तेथे लांब खिडकी, खिडकीआड अंमलदार, आणि अलीकडे पेढ्यांचे कारकून गठ्ठे घेऊन उभे. अंमलदार गठ्ठा तपासी, आणि उणे आढळल्यास हरकत लिहून परत देई. खिडकीसमोर एक लाकडी बाक होता, आणि त्यावर कोणीही बसावे, मनाई नव्हती. पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळी साडेदहास त्या बाकावर बसू लागल्या आणि वहीत नोंद करू लागल्या, की कोणाचा गठ्ठा परत आला आणि कशाने आला. कामकाजाचे अकरा दिवस बसल्या. दोनशे बारा गठ्ठे परत गेले. एकसष्ट पानांच्या क्रमांकाने, अडतीस पुसट प्रतीने, सत्तावीस सही राहिल्याने, आणि एक गठ्ठा त्यात कोणाची तरी भाजीची चिठ्ठी शिवली गेल्याने. कारकून मंडळी प्रथम संशयाने पाहत, मग सवय जाहली, मग कोणी शेंगदाणे देऊ लागले.

त्या मंडळींत वाघधरे आणि मंडळी या पेढीचे मुख्य कारकून सीताराम नाईकधुरे हे वडीलधारे. वय साठीस आलेले, अडतीस वर्षे याच खिडकीशी वावरलेले, कानावर पेन्सिल, खिशात टोच्या आणि दोऱ्याची रीळ. मूळचे तळकोकणातील, आणि जीभ तिकडचीच. सर्वजण त्यांस काका म्हणत, अंमलदारही म्हणत. अकराव्या दिवशी काका बाकापाशी येऊन उभे राहिले आणि पुसिले, "काय गो चेडवा, रोज हंय बसून काय करतंस? तारीख आसा तुझी?" बाई म्हणाल्या, "नाही काका. शिकतेय." "बाकार बसून?" "पेढीत कुणी बसू देत नाही म्हणून." हे ऐकोन काका मोठ्याने हसले आणि शेजारी बसले आणि अर्धे शेंगदाणे बाईंस दिले. मग वही हाती घेऊन पाहू लागले, आणि दुसऱ्यांच्या पेढ्यांची फजिती वाचून बहुत संतोष पावले. मग सहज पुसिले, "आणि आमचे किती परत इले?"

येथे शहाण्या माणसाने विषय बदलिला असता. परंतु बाईंस मोजलेले लपविण्याची सवय नव्हती. त्या बोलल्या, "एकोणीस."

"खोटा!"

"त्यांतले चौदा पानांच्या क्रमांकाने. काका, तुमच्या पेढीतून दोन तऱ्हेचे गठ्ठे येतात. काहींत अनुक्रमणिकेचं पान एक नंबर धरलेलं असतं, ते परत जातात. काहींत अनुक्रमणिकेला 'अ' घालून पुढच्या पानापासून एक धरलेला असतो, ते बिनहरकत आत घेतात. म्हणजे तुमच्याकडे दोन माणसं दोन रीतींनी पानं घालतात, आणि एकमेकांना माहीत नाही."

काकांचा चेहरा पडला, आणि मग लाल जाहला. कारण पेढीच्या वरल्या मजल्यावर पाने स्वतः काका घालीत, आणि अनुक्रमणिकेस एक धरण्याची रीत त्यांचीच होती. हरकत लागली की ते मनाशी म्हणत, खिडकीवरले पोर नवे आहे, आणि तेवढे गठ्ठे मुकाट पुन्हा घालीत. काका उठले आणि बोलले, "अडतीस वर्सां मी पानां घालतंय. अनुक्रमणिका म्हणजे गठ्ठ्याचा तोंड. तोंड मोजूचा नाय? तू काल इलंस आणि माका शिकयतंस?" ऐसे बोलून निघाले आणि मागे पाहिले नाही. संवत्सराच्या नावास जागले ते हेच. शेंगदाणे बाकावर तसेच राहिले.

बाईंस बहुत वाईट वाटले. चार मासांत या नगरीत आपणहून शेजारी बसलेले माणूस हे एकच, आणि त्याचेच मन दुखविले. पुढे नवरात्र बसले आणि बाई बाकावर गेल्या नाहीत. नवमीच्या सकाळच्या एस.टी.चे तिकीट काढिले, पेटी भरिली. मग निघण्यापूर्वी एक काम उरले ऐसे त्यांस वाटले. माफी मागावी तर मोजणी चूक नव्हती. न मागावी तर माणूस दुखावलेले. तेव्हां त्यांनी स्वच्छ कागदावर त्या एकोणीस गठ्ठ्यांची यादी केली, आणि दाखल-खात्याच्या फलकावर एका कोपऱ्यात पिवळे पडलेले परिपत्रक होते, ते शोधून त्याची तारीख खाली लिहिली. बारा वर्षांपूर्वीचे होते. त्यापूर्वी अनुक्रमणिकेस एक धरीत. त्या परिपत्रकाने रीत बदलिली. म्हणजे काका चुकले नव्हते, रीत त्यांस न सांगता निघून गेली होती. हेही खाली एका ओळीत लिहिले. आणि आश्विन शुद्ध सप्तमीस तो कागद काकांच्या हाती द्यावा म्हणोन सकाळी अकरास पुन्हा त्या बाकावर जाऊन बसल्या.

त्याच समयी आत, न्यायासनापुढे, वाघधरे पेढीचा मोठा दावा उभा होता. एका वृद्ध मालकाचा छापखाना, त्यांनी मृत्युपत्राने तो पन्नास वर्षे हाताखाली राबलेल्या पुतणीस दिला, आणि परगावचे पुत्र म्हणत की मृत्युपत्र खोटे. चारशे बारा पानांचा गठ्ठा, त्याच्या पाच प्रती. न्यायाधीशांची, न्यायमंदिराच्या दप्तराची आणि विरुद्ध पक्षाची या तीन प्रती पेढीच्या तळमजल्यावर झेरॉक्सवाले गफूरभाई यांनी सिद्ध केल्या होत्या. आपल्या वरिष्ठ वकिलांची आणि पेढीची या दोन काकांनी वरल्या मजल्यावर. वकील उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "महाराज, पान एकशे अठरा पाहावे. स्वर्गीय मालकांचे मृत्युपत्र." न्यायाधीशांनी पान उघडिले आणि पाहत राहिले. मग चष्मा पुसिला आणि पुन्हा पाहिले. मग शांतपणे वाचू लागले, "'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं. आपले चिंगी आणि बंड्या.' वकीलसाहेब, मृत्युपत्राची भाषा फार प्रेमळ दिसते."

न्यायसभेत हशा उसळला. गठ्ठ्यात मृत्युपत्रामागे नाते सिद्ध करण्यास पुतणीची लग्नपत्रिका लाविलेली होती, आणि वकिलांचे एकशे अठरा ते न्यायाधीशांचे एकशे सतरा. वकील बोलले, "महाराज, सर्वत्र एक पान मागे पाहावे, म्हणजे जमेल." न्यायाधीश बोलले, "मी इथे वजाबाकी करायला बसलेलो नाही. अडीच वाजता पुन्हा घेतो. तोवर सर्वांची पाने सारखी दिसली पाहिजेत, नाही तर पुढली तारीख पौषात." पुतणी भिंतीशी उभी होती, सत्तरीची, तिने पदर तोंडास लाविला. पेढीच्या मालकीण सॉलिसिटर वत्सलाबाई वाघधरे यांनी एकदाच काकांकडे पाहिले. ओरडल्या नाहीत. ते काकांस ओरडण्याहून जड गेले.

काका तिन्ही प्रती आणि वकिलांची प्रत टिपणासह मागून घेऊन बाहेर आले आणि मांडीएवढे गठ्ठे पोटाशी धरून मार्गात उभे राहिले. आणि समोर बाकावर बाई. साडेअकरा वाजले होते. काका म्हणाले, "चल गो. उठ." बाई उठल्या. कोठे म्हणोन पुसिले नाही.

न्यायमंदिराच्या तळाशी वकिलांच्या वाचनालयात एक रिकामे मेज मिळाले, गफूरभाईंस फोन करून बोलाविले, आणि काकांनी हुकूम केला, "तीनही प्रतींची सगळी पानां खोडून आमच्या वकिलाच्या प्रतीपरमाण करूची. बाराशेच्या वर पानां. तीन माणसां. होतला." आणि पेन्सिल कानावरून काढिली. बाईंनी गठ्ठे पाहिले, मग घड्याळ पाहिले, मग काकांस पाहिले. मागल्या वेळी खरे बोलल्या तेव्हां हे माणूस उठून गेले होते. आता बोलावे तर ते पुन्हा जाईल, आणि न बोलावे तर त्या वृद्ध बाईंचा छापखाना पौषास जाईल. मग वडिलांच्या अहवालाचे ते गैरहजर दुसरे पान त्यांस आठवले, आणि त्या बोलल्या, "काका, न्यायाधीशांची प्रत बरोबर आहे. तिला हात लावला तर दप्तर हरकत काढेल, आणि अडीचच्या ऐवजी साडेचार होतील. चुकीची प्रत आपली आहे. खोडायची ती एकच. वकीलसाहेबांची. पेढीची नंतर करू."

बाईंनी तो स्वच्छ कागद पुढे केला. काकांनी परिपत्रकाची तारीख वाचली. मग शेवटली ओळ वाचली, ती दोन वेळा वाचली. गफूरभाई तोवर येऊन पोहोचले होते, ते मान वाकवून कागद पाहत म्हणाले, "अरे, हे तर मी बारा वर्षं असंच करतो. फलकावर लावलं होतं ना." काका म्हणाले, "मगे माका का नाय सांगितलंस?" गफूरभाई म्हणाले, "मला काय माहीत तुम्हाला माहीत नाही? तुम्हीच तर मला पानं घालायला शिकवलीत."

यावर काका बोलले, "पण तोंड मोजूचा नाय, ह्या माका पटना नाय." बाई म्हणाल्या, "काका, पट्टीवर शून्य असतं. त्याच्याशिवाय मोजता येत नाही, पण ते पहिलं बोट नव्हे." काकांनी क्षणभर विचार केला, आणि मग वकिलांची प्रत ओढून घेतली, दोऱ्याची गाठ सोडिली, अनुक्रमणिकेचे पान वर घेतले, त्यावर आपल्या हाताने घातलेला एक खोडिला आणि कोपऱ्यात 'अ' लिहिला. अक्षर सुबक होते. हात जरा थांबला होता, तो गफूरभाईंनी पाहिला आणि बाईंनीही पाहिला आणि दोघांनीही छताकडे पाहिले.

मग काम ऐसे चालले. काका पाने पुढे करीत आणि क्रमांक मोठ्याने म्हणत, बाई खोडून नवा घालीत, आणि गफूरभाई ते पान न्यायाधीशांच्या प्रतीशी ताडून "ठीक" म्हणत. वकिलांच्या टिपणात पानांचे त्रेचाळीस उल्लेख होते, तेही फिरवावयाचे, हे कोणाच्या ध्यानी नव्हते, ते बाईंनी ध्यानी आणून दिले. दोनशे त्रेसष्टाव्या पानाशी काकांनी एक क्रमांक दोनदा म्हटला, आणि बाईंनी मान वर केली आणि काही न बोलता वाट पाहिली, आणि काका म्हणाले, "हो हो. चौसष्ट. गप ऱ्हवलंस ता बरा केलंस." दोन वाजून दहा मिनिटांनी अखेरचे पान जाहले. काकांनी टोच्याने भोक पाडिले, दोरा ओविला आणि गाठ मारिली. मग तिघांनी चहा घेतला, उभ्याउभ्या.

अडीच वाजता वकील म्हणाले, "महाराज, पान एकशे सतरा." न्यायाधीशांनी पान उघडिले, आणि विरुद्ध पक्षाने उघडिले, आणि सर्वांपुढे मृत्युपत्रच आले. न्यायाधीश म्हणाले, "चिंगी आणि बंड्या आता पुढल्या पानावर गेले वाटतं. चालू द्या." आणि कामकाज चालले, आणि त्या दिवशी मृत्युपत्राच्या साक्षीदाराची साक्ष पुरी जाहली, आणि दावा पौषास गेला नाही. निकाल पुढे यथाकाळ लागेल. त्याचा या हकीकतीशी संबंध नाही. पुतणी मात्र बाहेर येऊन भेटेल त्यास नमस्कार करीत होती, आणि त्यात तिने द्वारीच्या शिपायासही केला.

वत्सलाबाई बाहेर आल्या तेव्हां काका, गफूरभाई आणि एक अनोळखी कन्या, ऐसे तिघे भिंतीशी ओळीने उभे. बाईसाहेबांनी पुसिले, "काका, ही कोण?"

काका म्हणाले, "आपल्या पेढीतली."

"माझ्या पेढीतली? कधीपासून?"

काकांनी घड्याळ पाहिले आणि बोलले, "साडेअकरापासून."

वत्सलाबाई हसण्यात प्रसिद्ध नव्हत्या. त्या दिवशीही फार हसल्या नाहीत. परंतु ओठ हलले, हे गफूरभाईंनी शपथेवर सांगितले आहे. मग त्या म्हणाल्या, "या माझ्या खोलीत," आणि बाई गेल्या. तेथे बायोडाटा मागितला, बाईंपाशी नव्हता. वही होती, ती दिली. वत्सलाबाईंनी आपल्या पेढीचे एकोणीस वाचले, शेंगदाण्याचे डागही पाहिले, आणि मग सर्व पेढ्या पुसतात तेच पुसिले, "अनुभव किती?" बाई बोलल्या, "अकरा दिवस बाकावर. आणि दोन तास चाळीस मिनिटं मेजावर." "पाच वर्षांनी कुठे असशील?" बाईंस दोन उत्तरे पाठ होती आणि दोन्हींनी घात केला होता. तेव्हां तिसरे दिले, "नाही सांगता येणार, बाईसाहेब. अजून मोजायला काही नाही. सॉलिसिटर व्हायचंय एवढं नक्की." वत्सलाबाई म्हणाल्या, "मदतनीस म्हणून एक वर्ष. पानं, दाखल-खातं, टपाल, सगळं. काकांच्या हाताखाली. वर्षानंतर काका हो म्हणाले तर माझ्याकडे उमेदवारीची नोंद करीन. मी हो म्हणून उपयोग नाही, काकांनी म्हटलं पाहिजे." ऐसा करार ठरला, आणि साक्षीस दारामागे काका होते, कारण तेथून हलले नव्हते.

मग बाईंनी मातोश्रींस फोन केला आणि झाले ते सांगितले. मातोश्री म्हणाल्या, "थांब, तुझ्या मामाला देते. इथंच बसलाय सकाळपासून, कधी निघतेस विचारायला." आप्पामामा म्हणाले, "बयो, मग काट्यावर कोण बसणार?" बाई म्हणाल्या, "मामा, राग आला का?" मामा म्हणाले, "राग कसला. मी धरलेली जागा दोन दिवसांत जाते बघ, रांग लागलीय. आणि ऐक, तिथं पानं मोजतेस ना? मग नीट मोज. काट्यावरच्या माणसाची भाची आहेस." नवमीच्या एस.टी.चे तिकीट परत केले.

त्या नवमीस वाघधरे पेढीत रीतीप्रमाणे शस्त्रपूजा जाहली. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणोन पूजा आदल्या दिवशी. मेजावर वस्त्र घातले आणि त्यावर पेढीची शस्त्रे मांडिली. टोच्ये तीन, दोऱ्याची रीळ, भोके पाडण्याचे यंत्र, "खरी प्रत" ऐसा शिक्का, आणि झेरॉक्स यंत्र हलविता येत नाही म्हणोन त्यास जागेवरच झेंडूची माळ. मांडणी वर्षानुवर्षे काका करीत आणि दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. वत्सलाबाईंनी हळद-कुंकू वाहिले आणि मग थांबल्या, कारण शस्त्रांच्या ओळीत, काकांच्या जुन्या टोच्याच्या बाजूस, निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. बाईंनी ती पाहिली आणि पाहतच राहिल्या. काका वहीवरले फूल सरळ करीत म्हणाले, "गो, बघतंस काय? पाया पड. आणि सोमवारपासून वायच लवकर ये. खिडकी साडेधाक उघडता."

एवंच हकीकत. एक्केचाळीस पेढ्यांस लिहिले त्यांत ही पेढी नव्हती. पुढे एक वर्षाने काका हो म्हणाले किंवा कैसे, ते लिहिण्यास अजून वर्ष भरलेले नाही. परंतु त्या पेढीचे गठ्ठे पानांच्या क्रमांकाने परत येणे आश्विनापासून बंद जाहले, ही नोंद दाखल-खात्यात कोणासही पाहता येते. प्रस्तुत हकीकतीची पाने घातली आहेत. हे लिहिले तैसे वाचावे, आणि चूक आढळल्यास रागावू नये, मोजून सांगावे.